घाट चढून आलेला ठिपका

कोगनोळीच्या गुंडाप्पा अण्णांनी ही हकीकत सांगितली तेव्हा गावातली वीज गेली होती आणि पोरं अंगणात त्यांना खेटून बसली होती.

"अरिहंत म्हंजे आमच्या राजमती आक्काचा ल्योक," अण्णा म्हणाले. "त्येच्याच तोंडून ऐकलंय. माझ्या पदरचं काय न्हाय."

निपाणीचा हा अरिहंत बेळगावच्या एका ठेकेदाराकडे इंजिनीअर. तटरक्षक दलाची जुनी यंत्रणा बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. नवे रडार, नवे कॅमेरे, नवे वायरलेस. समुद्रातली प्रत्येक होडी एकाच पडद्यावर ठिपका होऊन दिसणार. गेल्या मार्गशीर्ष अमावस्येला किनाऱ्यावरचं काम उरकून तो कंपनीच्या जीपनं परत निघाला. जीप भरमू चालवत होता. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या ऑफिसात ऑपरेटरांना शिकवायचं होतं, म्हणून अरिहंत मांडीवरच्या टॅबवर सरावाचा नकाशा बघत होता. त्या टॅबला कुठलंच रडार जोडलेलं नव्हतं.

अनमोड घाट चढून गाडी रामनगरला आली आणि नकाशावर, समुद्रात, एक ठिपका उगवला. नाव नाही, नंबर नाही. अरिहंतनं पुसला. परत आला. सरकत सरकत किनाऱ्याला लागला.

आणि थांबला नाही.

"अण्णा, होडी जमिनीवर चालती व्हय?" पोरांतल्या श्रद्धानं मधेच विचारलं.

अण्णांनी तिला जवळ ओढून घेतलं.

गाडी लोंढ्याला पोचली तेव्हा ठिपका घाट चढून रामनगरात आला होता.

"भरमू, जरा दाब."

"का वो सायेब? रस्ता खराब हाय."

"दाब म्हणतोय न्हवं!"

ठिपका कुणाचा, ते अरिहंतला कळलं होतं. दिवाळीनंतर एका रात्री तो टेकडीवरच्या टॉवरच्या खोलीत एकटाच जुना वायरलेस उतरवत होता. सकाळी पाहणी होती, घाई होती. तेवढ्यात सेटवर कोकणीत एक आवाज आला. "कोण आसा रे?... बोट बुडता..." अरिहंत वैतागून म्हणाला, "लाईन मोकळी करा," आणि वायर उपटली. खालच्या तटरक्षक केंद्राला काही कळवलं नाही. पुढं तीन मासेमार परतले नसल्याची बातमी त्यानं वाचली. तेव्हाही तो गप्प बसला.

खानापूरच्या अलीकडं, जंगलात, जीप बंद पडली. दिवेही गेले. उजेड फक्त टॅबचा.

ठिपका मागच्या वळणावर.

मग अगदी मागं.

मग... जीप उभी होती तिथंच.

टॅब विझला.

पायांना गार लागलं. भरमूनं दार ढकललं. उघडेना. काच उतरेना. पाणी गुडघ्याला आलं. कमरेला आलं. उडून ओठाला लागलं ते खारट होतं.

विझलेल्या टॅबमधून आवाज आला. "कोणी बंद केलो?"

"म्या न्हाय!" भरमू ओरडला. "म्या काय केलं न्हाय, देवा! सायेब, बोला की कायतरी!"

अरिहंत गप्प.

छातीला.

"कोणी...?"

गळ्याला. भरमू बुटका. त्याचं तोंड बुडालं. हात तेवढे वर राहिले, छपरावर आपटत...

"मी!" अरिहंत किंचाळला. "म्याच बंद केला!"

...

पाणी नव्हतं. कपडे कोरडे. रस्त्यावर रातकिडे ओरडत होते, आणि भरमू स्टेअरिंगवर डोकं टेकून खोकत होता.

उजाडता उजाडता अरिहंत खानापुरातून परत किनाऱ्याला गेला. केंद्रात जाऊन सगळं सांगितलं. नोकरी गेली, चौकशी लागली. बुडालेल्यांतल्या एकाची आई, नागुबाई, तिच्याही दारात तो गेला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दार लावलं. भरमू आजही त्याला बघून रस्ता बदलतो.

"मग सुटला की त्यो," पोरांतला अभिनंदन म्हणाला. "कबूल केलं न्हवं त्यानं?"

अण्णांनी मान हलवली. व्हय म्हणून की न्हाय म्हणून, अंधारात कळलं नाही.

ती जीप ठेकेदाराच्या आवारात उभी आहे. तिच्या पुढच्या काचेवर, आतल्या बाजूनं, बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीला मिठाची आडवी रेघ आली होती. पुसली, परत आली. काच बदलली. नव्या काचेवरही आली, पण पहिल्यापेक्षा वर.

आता ती छपरापासून बोटभर खाली आहे.