दोन बाहुल्यांचा डोळा

माझा डोळा हौशीराम नानानं घालवला. सख्खा चुलता आहे, तरी सांगतो. माझा बाप शेजारी बसून विडी ओढत होता, तेही सांगतो. तो दिवा तेवढा जरा बाजूला घ्या.

उजव्या डोळ्यात मला जन्मापासून दोन बाहुल्या. एक खाली घसरलेली, दुसरी टाचणीनं भोक पाडल्यासारखी. फळा दिसेना म्हणून दहावीत शाळा सोडली. पुढं एक दिवस नारायणगावला टोमॅटो उतरवले आणि तसाच डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले, "दुर्मिळ आजार आहे. पाणी आत तुंबून दोन्ही डोळ्यांचं प्रेशर वाढतंय. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात ना? हे थेंब चुकवू नको. सोमवारी पुण्याला ऑपरेशन. गेलेली नजर परत येत नसते."

घरी आलो तर ओट्यावर गावातला गेणभाऊ बसलेला. त्याची बायको भागू बेपत्ता होती. बिबट्यानं उसात ओढली म्हणत होते. नानानं माझ्या हातातली थेंबांची बाटली उकिरड्यावर भिरकावली.

"औषधानं ती नजर मरती. एका बाहुलीला जितं दिसतं, दुसरीला मेलेलं. बघ, भागू कुठंय?"

"नाना, सोमवारी पुण्याला..."

"भागू घावली की जा की! तुला काय दावणीला बांधलाय?"

दिवेलागणीला समईपुढं बसवलं. वातीभोवती निळं-तांबडं कडं. बाकी काही नाही. फक्त कुठून तरी ओल्या केसांचा वास येत होता. रोज तेच. सोमवार गेला. डोळा गोटीसारखा टणक झाला, कपाळ फुटायला लागलं, मी भडभडा ओकलो.

"आली! अंगात आली!" नाना हरखला.

सुटका व्हावी म्हणून खोटंच बोललो, "माळावरच्या... पडक्या विहिरीत..."

ती तिथंच सापडली.

मग कोण सोडतंय! पार कळंबपासून माणसं यायला लागली. नाना नारळ मोजून घ्यायचा. पुणं राहिलंच. दिवाळीच्या आत त्या डोळ्याला समईसुद्धा दिसेना.

कडं मात्र उरलंय. अंधारात, तसंच. त्याच्या आत भागू बसलेली असते, केस निथळत असतात. परवापासून तिच्या शेजारी नाना बसायला लागलाय, मान खाली घालून. आणि इकडं धडधाकट नाना माझ्यापुढं बसून विचारतो, "काय दिसतंय रं?"

"काय नाय, नाना..."

उजवा डोळा गेला. डावाही चाललाय. मी अठरा वर्षांचा आहे.