आईबाप अज्ञात

चर्चच्या ऑफिसचं दार मी इतक्या जोरात आपटलं, की पायरीवर उभा असलेला तो चांगलाच दचकला. त्याच्या हातातलं खोकं कलंडलं आणि चार-पाच कालवं टुणटुणत पावसात खाली गेली.

"दारानं काही वाकडं केलं का तुझं?" त्यानं विचारलं.

"दारानं नाही. आतल्या बाईनं."

"मग ती माझी लोरेन आत्या." तो वाकून कालवं गोळा करू लागला. केसांतून पाणी गळत होतं, पण त्याची त्याला फिकीर दिसली नाही. "आणि तू कुणाची?"

आमच्या या फ्रेंच बोलणाऱ्या किनाऱ्यावर नाव विचारायची पद्धत नाही. कुणाची ते विचारतात. मग तुम्ही बाप, आजा, पणजा असे ओळीनं ओवून सांगायचे, की समोरच्याचं समाधान होतं. एरवी मी हसून सांगितलंही असतं. त्या दिवशी मात्र माझं डोकं तापलेलं होतं.

"ओदेत. रेमोंची, बर्नादेतची, एक्सिल्दाची. आणि एक्सिल्दा कुणाचीच नाही. मॉंक्टनहून तेच विचारायला आले, तर तुझी आत्या म्हणते, जुना चिखल ढवळू नये. माझी पणजी म्हणजे चिखल."

तो उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"चिखल म्हणाली?"

"तोंडावर."

"मग हे धर." कालवांचं खोकं माझ्या हातात देऊन तो आत गेला. आतून दोघांचे आवाज आले – तिचा चढलेला, त्याचा शांत – आणि थोड्या वेळानं तो कपाटाची किल्ली घेऊन बाहेर आला.

"मी बास्तियां. चर्चच्या समितीत आहे. जेवणावळीला कालवं फुकट देतो, म्हणून घेतलंय मला. ये आत."

सां-झोए गावच्या चर्चच्या त्या थंड खोलीत आम्ही एकाच टेबलावर वाकून बाप्तिस्म्यांच्या नोंदी पाहत होतो. त्याच्या स्वेटरला खाऱ्या पाण्याचा वास येत होता. नोंद सापडली तेव्हा आमची डोकी एकमेकांवर आपटली. मार्च १९२१. एक्सिल्दा, आईबाप अज्ञात. धर्मपिता थिओफिल द्युगे, धर्ममाता झेली साव्वा. खाली पाद्रीबाबांची सही, सुंदर, वळणदार.

ते सुंदर अक्षर पाहून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अज्ञात कुणाला रे? या गावात कुणाची मांजर व्याली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. एक बाई नऊ महिने याच रस्त्यानं ये-जा करत होती. कुणाला दिसली नाही? माझ्या मेमेला शाळेत 'अज्ञाताची नात' म्हणून चिडवायचे. ऐंशी वर्षांची झाली, पण अजून ते नाव घेतलं की तिचा चेहरा उतरतो."

मेमे म्हणजे माझी आजी बर्नादेत, एक्सिल्दाची मुलगी.

 बास्तियांचं बोट धर्मपित्याच्या नावाशी थांबलं होतं.

"हे माझे पणजोबा," तो म्हणाला.

"दुकानवाले?"

"हं... गावात तेव्हाही कुजबुज होती म्हणे. आत्या म्हणूनच किल्ली देत नव्हती."

"वा. म्हणजे पोर जन्माला घालायची आणि मग धर्मपिता म्हणून ऐटीत उभं राहायचं."

"तसंच असेल, तर मला वाईट वाटतं."

"पणजोबांसाठी?"

"नाही..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पटकन खिडकीकडे. "माझ्यासाठी. तू नात्यातली निघशील."

त्याचा अर्थ मला मॉंक्टनच्या अर्ध्या वाटेवर कळला. आणि गाडीत एकटी असूनही मी लाजले, याचाच मला आणखी राग आला.

डीएनए तपासायची कल्पना त्याचीच. मेमेनं नमुना दिला, त्यानंही दिला. निकाल येईपर्यंत मला सां-झोएला जायचं काही कारण नव्हतं, तरी दर शनिवारी मॉंक्टनमधलं माझं केसांचं सलून बंद केलं की माझी गाडी आपोआप उत्तरेकडे वळायची. तो मला त्याच्या होडीतून खाडीत न्यायचा, कालव उघडायला शिकवायचा. सुरी कुठे खुपसायची, मनगट कसं वळवायचं... हे दाखवताना त्याचा हात माझ्या हातावर जरा जास्तच वेळ राहायचा.

"हात काढ," मी एकदा म्हणाले. "आपण बहुतेक नात्यातले आहोत."

"बहुतेक म्हणजे अजून नाही."

"खुशाल हस. तुझ्या पणजोबांनी हसण्यासारखं काही केलेलं नाही."

"माझ्या पणजोबांच्या नावानं तू मला दर शनिवारी मारतेस. मी मुकाट खातो. एवढं तरी बघ."

बघत होते की. तेच तर दुखणं होतं. धुकं उतरलं की त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब जमायचे, आणि मी रागाचा धागा पुन्हा पुन्हा हातात धरून ठेवायचे – सुटू नये म्हणून.

निकाल आला, तेव्हा मेमेच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो होतो. मी फोनवरचा निकाल दोनदा वाचला.

"द्युगेंशी काही नाही," मी म्हणाले. "म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कुणाचं कुणाशीही जुळतं, तेवढंच. थिओफिल बाप नाही."

बास्तियांनं इतका मोठा श्वास सोडला, की मेमेनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुला काय झालं, पोरा?"

"काही नाही, मेमे. बरं वाटलं."

पण मी पुढे वाचत होते. मेमेचे जवळचे सगे एकाच घराण्यातले निघत होते. मॅसॅच्युसेट्समधले साव्वा, शेदियाकचे साव्वा. सगळे एका मोठ्या कुटुंबातल्या भावंडांची नातवंडं.

"साव्वा..." बास्तियां हळूच म्हणाला. "ओदेत, धर्ममातेचं नाव."

झेली साव्वा. ते नाव आम्ही दोघांनी त्या दिवशी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. मेमेला ते घर ठाऊक होतं: झेलीला भावंडं बरीच, पण भाऊ सगळे तेव्हा लहान पोरं, आणि एकुलती बहीण मठात. मूल होण्याच्या वयाची घरात एकटी झेलीच. शेवटपर्यंत बिनलग्नाची.

मेमेनं चहाचा कप खाली ठेवला.

"दर रविवारी आई मला तिच्याकडे न्यायची," ती म्हणाली. "मला नाही, आईलाच ती मांडीजवळ बसवायची. तीन पोरांची आई झालेली बाई, आणि झेली तिला घास भरवायची. आई हसायची. म्हणायची, धर्ममाते, पुरे गं. मरेपर्यंत आईनं तिला धर्ममाताच म्हटलं."

"आणि झेली गेली तेव्हा?"

"आम्ही मागे उभे होतो. दाराजवळ. पुढची बाकं नातेवाइकांची होती ना."

मी उठून खिडकीपाशी गेले. आपलंच बाळ हातात घेऊन ती बाई पाद्र्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यानं लिहिलं, आईबाप अज्ञात. तिला ते ऐकून घ्यावं लागलं, वर 'आमेन' म्हणावं लागलं. आणि चाळीस वर्षांनी तिच्या मुलीला तिच्या शवपेटीजवळ जागा नव्हती. मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं. बास्तियां मागे येऊन उभा राहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. यावेळी मी हात काढ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोरेन आत्याकडे गेलो. ती पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं, बसायला न सांगता बसून, आवाज न आवरता.

"म्हणजे तो नव्हता?" आत्याचे हात पिठातच थांबले.

"नव्हता."

"माझी आजी, त्याची बायको, जन्मभर एक्सिल्दाशी एक शब्द बोलली नाही. आम्हालाही तिनं बोलू दिलं नाही. दुकानात आली तर आम्ही मागच्या खोलीत जायचो." ती खुर्चीत बसली. "दोष नव्हता, तर मग तो तिथे उभा का राहिला? लोकांना बोलायला जागा का दिली?"

"दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं म्हणून, आत्या," बास्तियां म्हणाला.

 मला तिच्यावर ओरडायचं होतं, सगळी वाक्यं तयार होती. पण तिनं पिठाच्याच हातांनी डोळे पुसले, आणि माझी वाक्यं माझ्याकडेच राहिली.

"मी तुझ्या पणजीला चिखल म्हटलं," ती म्हणाली. "ते मी परत घेते, पोरी."

आताचे पाद्रीबाबा भले आहेत, पण ते म्हणाले की जुन्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही. मी भांडले. ते नम्रपणे नाहीच म्हणत राहिले. शेवटी आत्याच म्हणाली, "तुमची नोंद तुम्ही सांभाळा, बाबा. दगडावर काय कोरायचं, ते आम्ही बघतो."

पंधरा ऑगस्टच्या सकाळी, आमच्या किनाऱ्याच्या सणाच्या दिवशी, झेलीच्या थडग्यावर नवा दगड बसला. झेली साव्वा, एक्सिल्दाची आई, बर्नादेतची आजी. मेमे एकेका अक्षरावरून बोट फिरवत सगळ्यांच्या पुढे उभी होती. बाप कोण ते अजून कळलेलं नाही. मी सोडणार नाहीये.

संध्याकाळी आमच्या सणाचा गोंगाट सुरू झाला. सगळं गाव भांडी, घंटा, भोंगे घेऊन रस्त्यावर. कधीकाळी इथून हुसकावलेले आम्ही अजून इथेच आहोत, हे जगाला कळावं म्हणून. मेमे चाकांच्या खुर्चीत बसून पातेलं बडवत होती, लोरेन आत्या ती खुर्ची ढकलत होती. मी तर कढईच आणली होती. वर्षाचा सगळा राग मी त्या कढईवर काढत होते, आणि प्रत्येक ठोक्याला झेली, झेली, असं ओरडत होते.

बास्तियां माझ्या कानाशी वाकला. काहीतरी म्हणाला.

"काय?"

तो लाल झाला. पुन्हा म्हणाला... तितक्याच हळू.

"ऐकू येत नाही."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो आता चांगलाच ओरडला, आणि पुढच्या चार बायका वळून हसल्या.

मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. पण असल्या गोष्टी कुजबुजून सांगितलेल्या आमच्या घराण्याला पुरे झाल्या.

"आणखी मोठ्यानं," मी म्हणाले, आणि कढई वाजवायची थांबवून त्याचा हात धरला.