सोनेरी कडं

निळ्या रंगाचा टपोरा थेंब नेमका तिच्या पांढऱ्या कोटावर पडला. तिनं रागानं वर पाहिलं. डोळ्यांच्या दवाखान्याची नवी पाटी रंगवणारा पेंटर शिडीवर उभा होता, आणि ब्रश पाठीमागे लपवत होता.

"लपवताय काय? आता शर्टही रंगला असेल."

रंगलाच होता! त्यानं ओशाळून मान वळवली, तेवढ्यात ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं. घारे डोळे... आणि बुबुळाच्या कडेला बारीक सोनेरी कडं. अगं बाई! असले डोळे तिनं जन्मात पाहिले नव्हते.

आणि तिचं तर कामच डोळे पाहायचं हो! मोठ्या डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी प्रत्येक पेशंट तिच्या हाताखालून जायचा. रस्त्यातही तिची खोड सुटायची नाही. डोळ्यांतलं पांढरं पिवळसर दिसलं की "लिव्हर तपासून घ्या", पापणी आतून फिकट दिसली की "रक्त कमी आहे तुमच्यात", डोळे बटबटीत पुढे आलेले दिसले की "थायरॉइड बघा बरं एकदा". भाजीवाल्याच्या बायकोचा मोतीबिंदू तर तिनं टोमॅटो निवडता निवडता ओळखला होता. आई कपाळावर हात मारायची. "लोकांकडे अशी टक लावून बघू नकोस गं. तुझं लग्न कसं जमायचं!"

पेंटरकडे मात्र तिनं मनसोक्त टक लावली. पाटीचं काम काही संपेना. तो एक अक्षर काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. ती चहा घेऊन बाहेर जायची आणि त्याच्या हातात कप-बशी किणकिणायची.

"हात का थरथरतोय?"

"तू समोर असलीस की... असंच होतं." एव्हाना अहो-जाहो संपलं होतं.

"आणि जीभ? तीही अडखळते की!"

"तिचं... तर विचारूच नकोस."

ती गालातल्या गालात हसत आत जायची. एवढा उंचापुरा माणूस आपल्यापुढे असा लटपटतो, या आनंदात तिला दिवस पुरायचा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हाच.

मग एका दुपारी जुना रंग खरवडताना त्याच्या डोळ्यात कण गेला. तिनं त्याला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्यात पट्टीसारखा बारीक उजेड सोडला.

"इतक्या जवळून बघायला निमित्त लागतं होय?" तो म्हणाला.

"गप्प बस. हलू नकोस."

कण निघाला. सहज तिनं उजेड कडेला सरकवला... आणि तिथंच धरून ठेवला. ते कडं डोळ्याच्या रंगाचं नव्हतंच. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात, अगदी आतल्या थरात, तपकिरी-सोनेरी कण साचले होते. वर आणि खाली दाट. हे चित्र तिनं अभ्यासाच्या पुस्तकात पाहिलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते.

थरथरणारा हात... अडखळणारी जीभ... देवा!

"तुझ्या घरी कुणाला लिव्हरचा आजार होता?"

"ताई गेली ना माझी. कॉलेजात होती. कावीळ म्हणाले..." तो हसायचा थांबला. "का गं?"

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. त्याच्या शरीरातून तांबं बाहेर पडतच नव्हतं. आधी लिव्हरमध्ये साठलं, मग मेंदूत, मग डोळ्यांच्या कडेला. जन्मभर गोळ्या घ्यायच्या, त्यानं जीव वाचेल. हात पहिल्यासारखा होईल का? डॉक्टर म्हणाल्या, "बघू या." हे 'बघू या' तिनं पेशंटना कितीदा ऐकवलं होतं. त्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता.

"दोन-चार आठवडे आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता," डॉक्टर तिला एकटीला म्हणाल्या. ती बरं म्हणाली आणि औषधांच्या कपाटाआड जाऊन ढसाढसा रडली. सगळ्या गावाचे डोळे वाचणारी ती, आणि त्याचाच आजार सुंदर दिसतो म्हणून बघत बसली होती!

गोळ्या सुरू झाल्यावर त्याची थरथर उलट वाढली. होतं म्हणे असं कधीकधी. एकदा त्याच्या हातून ब्रश शिडीवरून खाली पडला. तो खाली उतरला, ब्रश न उचलताच निघून गेला आणि पुन्हा आलाच नाही. पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं.

शेवटी तीच त्याच्या खोलीवर गेली. रंगाच्या डब्यांची झाकणं घट्ट बसवलेली होती. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"दुसरा पेंटर बघा," तो म्हणाला. शब्द एकमेकांना चिकटून येत होते.

"मी पाटीसाठी नाही आले."

"मग कशाला? ताईसारखा जाताना बघायला?"

ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "मी मूर्ख आहे रे. तुझा हात थरथरायचा ना, मला वाटायचं माझ्यामुळेच. मी मिरवत होते मनात! ते प्रेम नव्हतं... तांबं होतं."

तो हळूहळू तिच्याकडे वळला. खिडकीतल्या उजेडात ते सोनेरी कडं पुन्हा चमकलं आणि तिला त्या चमकण्याची भीती वाटली.

"हे जाईल का? गोळ्यांनी?"

"जाईल. हळूहळू."

"मग तुला आवडलेले डोळे..."

"जळो मेलं ते कडं! मी दर महिन्याला तुला यंत्रासमोर बसवणार आणि ते पुसट होतंय का बघणार."

"आणि हात... नाहीच सुधारला तर?"

खोटं तिला बोलवेना. तिनं त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला, तरीही तो थरथरतच राहिला. मग त्याचे ओठ हलले. एकेक शब्द ओढून आणावा तसा तो बोलला. "प्रेम... तांब्याचं नव्हतं. माझं होतं. आहे."

तिला सगळं नीट कळलं होतं. तरी ती अगदी जवळ सरकली. पुढच्या वर्षी त्याला एवढंही बोलता येईल की नाही, कुणास ठाऊक.

"काय म्हणालास?" तिनं विचारलं. "पुन्हा सांग ना."