आधीचा पेशंट

माधवनगरात अतिशय नावाच्या माणसाचं गोडाऊन आहे. तिथं रुग्णाच्या खाटा, व्हीलचेअर, वॉकर असला माल असतो, सगळा वापरलेला. ज्यांच्या घरचं दुखणं संपलं त्यांच्याकडून तो घ्यायचा, धुऊन-पुसून फोटो काढायचे, मोबाईलवर जाहिरात टाकायची आणि ज्यांच्या घरी दुखणं नुकतंच आलंय त्यांना द्यायचा, असा धंदा. नावं ठेवावीत असं त्यात काही नाही. पण या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्याला ठाऊक नसते. खाट घ्यायला आलेला माणूस ती मजबूत आहे का, हे फारसं विचारत नाही. दोनदा दांडा हलवून बघितल्यासारखं करतो आणि मग दुसरीकडं बघत हळूच म्हणतो, "आधीचा पेशंट बरा झाला न्हवं?"

याला उत्तर एकच. "झाले की. चालत गेले."

अतिशय जैनाघरचा. दिवस मावळायच्या आत जेवणारा, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालणारा. पण हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज यायचं, की बायको ब्राह्मी एकदा वैतागून म्हणाली होती, "आवं, चातुर्मासात तरी खोटं बोलू नका."

"खोटं कुठलं गं," तो म्हणाला होता. "गिऱ्हाईक खाट न्यायला येतच न्हाई. धीर न्यायला येतंय."

आणि खरं सांगायचं तर यात तो अगदीच चुकत होता असंही नाही.

लालासाहेब सुभेदार आले तेव्हाही तेच झालं. वाईच्या अलीकडं उसाच्या मळ्यात त्यांचं घर. पलटणीतून पेन्शनीत आलेला ताठ माणूस, पण त्या दिवशी खांदे पडले होते. बायकोला, विजयमालाबाईंना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खाट हवी होती आणि तिच्यावर घालायची हवेची गादी. पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही गादी असते. तिला बारके बारके फुगे असतात आणि पायथ्याचा पंप दिवसरात्र त्यांत हवा भरत राहतो.

नेहमीचा प्रश्न सुभेदारांनी विचारला, पण नेहमीच्या उत्तरावर त्यांचं भागेना. नाव काय, गाव कुठलं, कितव्या दिवशी उठले? अतिशयच्या जिभेला त्या दिवशी हाड राहिलं नाही.

"हंबीरराव नाव त्यांचं. लोणंदकडचे. असंच अर्धांग. एकविसाव्या दिवशी उठून बसले, चाळिसाव्या दिवशी उंबरा ओलांडला. मी खाट न्यायला गेलो, तर मला गाडीपत्तूर सोडायला आले."

सुभेदारांनी डोळे पुसले. अतिशयलाही बरं वाटलं.

त्यातलं नाव आणि गाव तेवढं खरं होतं. हंबीरराव अकराव्या दिवशी त्याच खाटेवर गेले होते. अतिशय खाट आणायला गेला तेव्हा भिंतीवरच्या फोटोला ताजा हार होता आणि सांधेदुखीच्या तेलाचा वास घरभर भरून होता. त्यांच्या सुनेनं न बोलता बोटानं खाट दाखवली. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून हाही न बोलताच निघाला होता.

तक्रार आली ती महिन्याभरानं. दुपारी सव्वातीनला मोबाईलवर मेसेज आला: 'गादी एका बाजूनं भरत नाही.' अतिशयनं ठरलेली उत्तरं दिली. पाईप पिळलाय का बघा. पंपाचं बटण शेवटपर्यंत फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा त्यानं एसटीनं नवा पंप पाठवला. तिसऱ्या दिवशी सुभेदारांनी फोटो पाठवला. खाटेच्या पार कडेला विजयमालाबाई पडलेल्या आणि भिंतीकडच्या रिकाम्या बाजूला गादी खोल दबलेली. अतिशयनं फोटो मोठा करून बघितला. पंक्चर झालं तर फुग्यांची अख्खी ओळ बसते, हे त्याला पाठ होतं. इथं डोक्याएवढा एक गोल खळगा होता, खाली दोन खांदे, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी दोन टाचा.

फोटोत उजेड-सावलीनं काहीही दिसतं, असं त्यानं मनाला समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत गादी गाडीत टाकून तो निघाला. गिऱ्हाइकानं जाहिरातीखाली वाईट लिहिलं तर पुढची दहा गिऱ्हाइकं फिरकत नाहीत. निघताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं.

पोचला तेव्हा दुपार टळायला लागली होती. ऊन रखरखीत. उसाचं एक पान हलत नव्हतं. सुभेदार दारातच उभे होते, आणि महिन्यापूर्वी आला होता तो माणूस हा नव्हेच. दाढी घोटलेली, छाती पुढं, चेहऱ्यावर तरतरी.

"या शेठ. आमची तक्रार हाय ती हायच, पर आदी आमची प्रगती बगा."

आतल्या खोलीत पाऊल टाकताच अतिशयला वास आला. सांधेदुखीच्या तेलाचा.

"तेल लावताय व्हय वहिनींना?"

"छ्या. डॉक्टर न्हाई म्हनला. आमच्या घरात तेलाची बाटली न्हाई." सुभेदार खिडकी उघडत म्हणाले. "वास कसला येतोय कुनास ठाऊक. दुपारचाच येतोय."

पंप एकसुरी घुरघुरत होता. विजयमालाबाई खाटेच्या अगदी कडेला होत्या, बाजूच्या दांड्याला अंग लागलेलं. डावा हात तेवढा चालत होता. त्या हातानं त्यांनी पदराचं टोक चिमटीत धरलं, हळूहळू वर ओढलं आणि डोक्यावरून घेतलं.

"बगितलं?" सुभेदार म्हणाले. "झटका आल्यापास्नं हा चांगला हातबी उचलला न्हवता. आता रोज दुपारी पदर घेती. जुनं वळान हाय, मोठ्या मानसाम्होरं उघड्या डोक्यानं ऱ्हायाची न्हाई."

अतिशय संकोचून मागं सरकला. आपण आलो म्हणून बाईंनी पदर घेतला, असं त्याला वाटलं. पण त्यांचे डोळे त्याच्याकडं नव्हते. ते भिंतीच्या बाजूला, त्या खळग्याकडं होते.

"मी रोज सकाळी मधोमध झोपवतो," सुभेदार सांगत होते. "दुपारच्याला बगावं तर कडंला. सवताहून सरकती म्हंजे ताकद आली न्हवं? फकस्त ही गादी तेवढी दुरुस्त करा."

दोघांनी मिळून बाईंना उचलून आरामखुर्चीत ठेवलं. निर्जीव अंगाचं ओझं फार असतं. दोघांनाही धाप लागली. अतिशयनं जुनी गादी काढली, नवी अंथरली, पंप जोडला. फुगे एकेक करून वर आले, गादी सपाट टम्म भरली. त्यानं सगळीकडं तळवा दाबून बघितला आणि सुस्कारा सोडला. बाईंना पुन्हा मधोमध ठेवलं.

"झालं बघा. गादीच सडली होती ती."

तो नळ्या बांधायला खाली वाकला. उठून बघतो तर भिंतीच्या बाजूला फुगे खाली बसत होते. आधी कंबरेखालचे, मग खांद्याखालचे, सगळ्यात शेवटी डोक्याखालचे, जसा थकलेला माणूस आधी टेकतो आणि मग आडवा होतो. विजयमालाबाईंचा डावा हात पुन्हा पदराकडं गेला.

कोऱ्या गादीचा दोष असूच शकत नव्हता.

"सुभेदार... हे कवापास्नं?"

"आवतान दिल्यापास्नं म्हना की."

"कसलं आवतान?"

सुभेदार जरा लाजले. "तुमी त्या दिशी हंबीररावांचं सांगितलं, ते म्या मनात धरलं. रोज सकाळी हिच्यापाशी बसून सांगतो. आज हंबीररावांचा धावा दिस, आज पंधरावा. त्यांनी केलं ते तू करशील. एकविसाव्या दिशी हिचं बोट हललं. मंग मला ऱ्हावलं न्हाई. त्यांचा फोन न्हाई, पत्ता न्हाई. देवाम्होरं दिवा लावला, ह्या खाटंवर सुपारी ठेवली आन् आवतान दिलं. हंबीरराव, तुमच्या पायगुनानं आमची मालकीन उठतीया, आमच्या घरी जेवाया या." ते हसले. "सुपारी दुसऱ्या दिशी खाटंवर न्हवती. उंदरानं नेली आसंल."

जिवंत माणसाला आवतान देतात. गेलेल्याला फक्त त्याच्या घरचे बोलावतात, तेही पितरांच्या पंधरवड्यात, आणि जेवू घालून वाटेला लावतात. परक्या घरी, नावानिशी, रोज सकाळी गेलेल्याला कोणी हाक मारत नाही. सुभेदारांचा यात काय दोष? चालत गेले, असं त्यांना सांगितलं होतं.

"शेठ, एक काम करा," सुभेदार म्हणाले. "आलाच हाय तर हिला तुमच्या तोंडानं सांगा. हंबीरराव कसं उठलं ते. तुमी डोळ्यांनी बगितलंय. माज्यापरीस तुमचं ऐकंल."

अतिशयनं विजयमालाबाईंकडं पाहिलं. त्या आता त्याच्याकडं बघत होत्या. त्या नजरेत काय होतं, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. सांग म्हणत होत्या की सांगू नको? या बाईचं बोट ज्या गोष्टीवर हललं, ती गोष्ट त्याच्या हातात होती. मोडली तर बाई मोडणार. त्यानं नेहमीचंच करायचं ठरवलं.

"वहिनी... हंबीरराव म्हणून होते लोणंदचे. एकविसाव्या दिवशी ते..."

खळगा हलला. खांद्याचे फुगे वर आले आणि त्यांच्या जागी कोपराएवढा एकच खड्डा खोल रुतला. आपल्याविषयी चांगलं ऐकू आलं की माणूस कोपरावर रेलून कान देतो, तसा. आणि त्याबरोबर विजयमालाबाईंचं अंग दोन बोटं कडेकडं ढकललं गेलं. त्यांनी डाव्या हातानं दांडा घट्ट धरला.

"बोला की," सुभेदार म्हणाले. "सरकती बगा, सरकती. बोला."

"एकविसाव्या दिवशी ते उठून..."

बाई आणखी सरकल्या. आता खांदा दांड्यावर चढला होता. चेहरा वेडावाकडा झाला, घशातून बारीक आवाज आला. आणखी एक शब्द आणि त्या खाली फरशीवर पडणार, हे अतिशयला स्वच्छ दिसलं. त्यानं तोंड खळग्याकडं वळवलं.

"हंबीरराव..." तो कुजबुजला. "तुमी उठला न्हाई. मी खोटं बोललो... अकराव्या दिवशी गेलासा तुमी. ह्याच खाटंवर. तुमच्या फोटोला हार मी बघितलाय... जावा आता. तुमचं घर लोणंदला हाय."

तेवढ्यात लाईट गेली. पंप थांबला. आवाज थांबल्यावर खोलीत इतकी शांतता झाली, की स्वतःचा श्वास त्याला नकोसा झाला. तेलाचा वास एकदम दाटून आला, आणि मग दाराकडून निघून गेल्यासारखा कमी कमी होत गेला.

सुभेदार खाटेशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी अतिशयकडं पाहिलंसुद्धा नाही. बायकोचे दोन्ही कान त्यांनी तळव्यांनी झाकले होते.

"अगं, ह्याचं ऐकू नगंस," ते म्हणत होते. "कायबी बोलतोय. हंबीरराव उठलं व्हतं. मला म्हाईत हाय. ऐकू नगंस तू."

पण बाईंनी ऐकलं होतं. आजारानं वाचा गेली होती, कान गेले नव्हते.

अतिशयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तो पुढं झाला आणि तिथंच थांबला. पंप बंद होता. लाईट नव्हती. तरी गादी भरत होती. भिंतीकडचा खळगा तळातून वर येत होता, फुगा फुगा करून, अजिबात घाई न करता. कोपर गेलं, कंबर गेली, टाचा गेल्या.

सुभेदारांनी मान वर केली. ओल्या डोळ्यांनी ते गादीकडं बघत राहिले. "भरली," ते म्हणाले. "शेठ, भरली बगा गादी."

"व्हय," अतिशय म्हणाला.

त्याची नजर भिंतीच्या बाजूला नव्हती. गादी भिंतीकडं भरली, मग मधोमध भरली आणि भरत भरत विजयमालाबाईंच्या खाली गेली. त्यांच्या डोक्याखाली, खांद्यांखाली, टाचांखाली फुगे गोल, टम्म उभे राहिले. चादरीवर त्यांच्या अंगाखाली एक सुरकुती नव्हती; मघाशी उचलताना दोघांना धाप लागली होती, ते ओझं गादीवर आता उरलंच नव्हतं. पदर डोक्यावरून उतरला होता. श्वास चालू होता, डोळे उघडे होते, आणि नवरा त्यांचा हात हातात घेऊन एकविसाव्या दिवसाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला होता.