कमरेपर्यंतचा जादूगार

नाशिकच्या ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेत डॉ. तस्नीम बागवान यांनी वीतभर उंचीचा प्लास्टिकचा जादूगार लेझरखाली ठेवला. समोर यामिनी उपासनी बसल्या होत्या. त्यांचे पती हेरंब यांनी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेली ही शेवटची मूर्ती. ती छापली जात असतानाच, टेबलाला टेकून बसल्या जागी ते गेले होते.

दोघांचा छंद एकच होता. हेरंब चेटकिणी, बुटके योद्धे, पंखवाले राक्षस छापायचे आणि त्याच खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून, यामिनी ते रंगवायच्या.

डॉक्टरांनी त्यांना तत्त्व सांगितलं. प्रिंटरची नळी वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर टाकत जाते. खोलीतल्या आवाजाने ती किंचित थरथरते आणि ती थरथर धाग्यात गोठून राहते. लेझरने ती वाचून यंत्राचा आवाज वजा केला की उरतो तो थरध्वनी.

यामिनींनी आधी अख्खं फडताळ इथे आणलं होतं. पण त्या मूर्तींमधून काहीच निघालं नाही. रंगाआधी त्यांनीच लावलेल्या प्रायमरने थरांमधल्या रेघा बुजल्या होत्या. हा जादूगार तेवढा रंगवायचा राहिला होता.

आवाज सुरू झाला. तळाच्या थरांत खुर्चीची करकर होती, हेरंबांचं खाकरणं होतं, टेबलातून झिरपलेला त्यांचा संथ श्वास होता. मूर्तीच्या गुडघ्यापाशीच्या थरांत त्यांनी चहा मागितला. यामिनी मान खाली घालून ऐकत होत्या.

मग एक श्वास आला आणि त्यानंतर दुसरा आला नाही.

पुढे फक्त यामिनींचा आवाज होता. झगा निळा करू की राखाडी, असं त्या विचारत होत्या. मग बहिणीच्या घराचं काम, पाण्याची टाकी, पुन्हा झगा. दर प्रश्नानंतर थोडी शांतता, आणि पुढचं बोलणं. त्या शांततेत त्यांना प्रत्येक वेळी हुंकार ऐकू आल्याचं आठवत होतं. आम्ही शेवटपर्यंत बोलत होतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"बंद करू का, यामिनीताई?"

"नको. संपू दे."

टोपीच्या टोकाशी आवाज संपला. यामिनींना रडू आलं नाही. त्यांनी विचारलं, "श्वास कुठे थांबतो?"

डॉक्टरांनी मूर्तीच्या कमरपट्ट्यावर नख टेकवलं.

घरी आल्यावर यामिनींनी जादूगाराला पायापासून कमरपट्ट्यापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली. गॅलरीत नेऊन वरच्या भागावर प्रायमर फवारला, एकदा आणि वाळल्यावर पुन्हा. मग झगा निळा रंगवला, दाढी पांढरी केली आणि पट्टी सोडवून त्याला फडताळात ठेवलं.

पुढे कधीतरी बहीण आली. तिने तो उचलून पाहिला आणि खालचं रंगवायचं राहिलं का, असं विचारलं.

"नाही," यामिनी म्हणाल्या. "झालाय तो."