बावीस पावलांवरचं दार

साहेब, लिफ्ट तुम्ही बंद पाडली नाहीत, हे मान्य. ती बिचारी आपणहून बंद पडली. पण चार महिने बंद ठेवली, ती तुम्ही. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या दारावर रुग्णालयाचे अधीक्षक म्हणून तुमच्या सहीचा कागद – 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दिलगिरीचा हात धरून कुणी जिना चढतं का हो?

आणखी एक गुन्हा तुमच्या खात्यावर आहे, तो तुम्हाला ठाऊकही नाही. तुमच्यामुळे माझं प्रेम अडलं. तेही जिन्यातच.

मी तुमच्याच रुग्णालयातली फिजिओथेरपिस्ट. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला लागतो ती जमात. त्या सकाळी चोपन्न पायऱ्यांना शिव्या घालत मी चढत होते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर एक माणूस बसलेला. एका पायात बूट, उजव्या घोट्याला पट्टी, कुबडी भिंतीला टेकलेली. खिडकीतून तोंडावर ऊन येत होतं आणि चेहरा असा, जणू सहलीला आलाय.

"अजून किती आहेत हो?"

"नऊ पायऱ्या. उठा."

"वरच्या बाई फार कडक आहेत म्हणे?"

"हो. बसलेली माणसं त्यांना अजिबात आवडत नाहीत."

तो धडपडत उठला. माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "म्हणजे तुम्हीच त्या!"

"मीच ती."

"पण मी वरपर्यंत चढलो, तर बरा झालो म्हणून परत पाठवाल ना?"

"तीच इथली रीत आहे. जो चढतो त्याला आमची गरज नाही, ज्याला गरज आहे तो चढत नाही."

तो खळखळून हसला. जिन्यात कुणी हसल्याला कित्येक आठवडे झाले होते, साहेब. तो एका दैनिकाचा बातमीदार आहे हे कळल्यावर मात्र मी त्याला धारेवर धरलं. "मग छापा की!"

"बंद लिफ्ट ही बातमी नसते, मॅडम. बंद लिफ्टा ढिगाने आहेत."

"मग बातमी काय असते?"

"माणसं. बारा जण असले तर रांग. पन्नास असले तर आंदोलन."

"आणि एकोणपन्नास असले तर?"

"तर पन्नासावा मी," तो म्हणाला.

असलं काहीतरी बोलून माणूस निघून जातो आणि आपण दिवसभर दुसऱ्याचाच गुडघा तिसऱ्याचा म्हणून चोळत बसतो. मी चिडले. स्वतःवरच.

आंदोलन मी सुरू केलं, असं तुम्ही मला दिलेल्या नोटिशीत लिहिलंय. साफ खोटं. मी फक्त वैतागले होते.

झालं असं की, ड्रायव्हरकाका आले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. या दुखण्यात पहिले सहा महिने सोन्याचे. तेव्हा पाय हलला तर हलला, नंतर फार थोडं परत मिळतं. दोघं वॉर्डबॉय त्यांना खुर्चीसकट वर न्यायचे. त्यातल्या एकाची पाठ धरली आणि तेही थांबलं. मी उचलायला दुसरी माणसं शोधू लागले, तर काका तळमजल्यावर बसून गरजले, "बस कधी खांद्यावर घेऊन चालवली नाही मी! मला कशाला उचलता?"

माझं डोकं फिरलं. वरून सतरंज्या आणल्या, दोन वॉकर आणले आणि तळमजल्यावर, भर वाटेत व्यायाम सुरू केला. बाकापासून तुमच्या केबिनचं दार बरोबर बावीस पावलं. म्हटलं, "काका, शेवटचा थांबा ते दार."

पहिल्या दिवशी दोन पावलं झाली. तिसऱ्या पावलाला काका मटकन खाली बसले.

आता लोक कसे जमले ते ऐका, कारण तुम्हाला वाटतं मी भडकावले. घोषणा ऐकून एकही आला नाही. पहिल्यांदा आल्या काकू, म्हणजे काकांच्या पत्नी. त्यांनी खांदा आखडलेली शेजारीण आणली. शेजारणीने जाऊ आणली, कारण जावेला एकटीने घरी आराम करू द्यायची तिची तयारी नव्हती. केसपेपरच्या रांगेत ताटकळणारे लोक निव्वळ कंटाळून हात वर-खाली करू लागले. कुणीतरी पुठ्ठ्यावर 'आम्हाला वर न्या' असं लिहून आणलं. दुसऱ्या आठवड्यात मोजले, तर साठ.

"एकसष्ट," मागून आवाज आला. बातमीदार हात वर करून उभा होता. "मी धरून."

त्याने सगळ्यांशी बोलून घेतलं, फोटो काढले, वहीत भराभर लिहिलं. मी रात्रभर... जाऊ द्या. सकाळी पेपर उघडला. 'रुग्णालयाचा स्तुत्य उपक्रम – तळमजल्यावर सामूहिक व्यायाम!' लिफ्टचा शब्दही नाही. तुम्ही तर ते कात्रण चौकटीत बसवून केबिनबाहेर टांगलंत, साहेब. लाज कशी नाही वाटली?

तो कुबडी टेकत आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत तोफ डागली. "बातमी आहे की लग्नाची पत्रिका?"

"ऐका तरी... लिफ्टचं शेवटच्या परिच्छेदात होतं. जागा कमी पडली. पेपरातले डेस्कवाले बातमी कापतात ती खालून कापतात."

"किती वर्षं लिहिताय बातम्या?"

"नऊ."

"आणि नऊ वर्षांत एवढंही कळलं नाही, की महत्त्वाचं ते वर लिहावं?"

तो मग पट्टीकडे बघत, अगदी हळू... "कळत होतं. पण वरचा परिच्छेद तुमच्यावर होता. तुम्ही काकांसमोर उलट्या चालत कशा जाता, दोन्ही हात पुढे करून... तो कापला जाऊ नये असं वाटलं."

साहेब, संतापाने माझे कान तापले. निदान मी स्वतःला तसंच सांगितलं. "काकांचे दिवस वाया जाताहेत, आणि तुम्ही माझे हात लिहीत बसलात?" एवढं बोलून मी पाठ फिरवली.

आठ दिवस अबोला. घोटा बरा झाला, पट्टी निघाली, तरी स्वारी रोज हजर, लंगडत. काकांनीच पकडलं. "काय हो बातमीदार, काल उजवा दुखत होता ना? आज डाव्याने पाळी घेतली वाटतं?"

सगळे हसले. मीही हसले, पण भिंतीकडे तोंड करून.

नवव्या दिवशी दुसरी बातमी आली. पहिल्याच ओळीत लिफ्ट होती, चोपन्न पायऱ्या होत्या, काकांच्या सहा महिन्यांतले उरलेले दिवस होते आणि तुमचा हुद्दा होता. मी कुठेच नव्हते. कितीदा वाचली! माणूस आपल्याला बातमीतून गाळतो आणि आपल्याला तेच प्रेमपत्र वाटतं... असलं खूळ मला लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याचीच मान तपासली असती.

मग गर्दी फुगली. शंभराच्या वर माणसं. वाहिनीवाले आले. माइक घेतलेली मुलगी म्हणाली, "रडणारं कुणी आहे का?"

काका म्हणाले, "रडायचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे, बाळ. लिफ्ट बंद आहे."

ते वाक्य संध्याकाळी घरोघर गेलं आणि तुम्ही केबिनबाहेर आलात. कॅमेऱ्यासमोर शब्द दिलात – आठ दिवसांत लिफ्ट सुरू. कॅमेरा गेल्यावर माझ्या हातात नोटीस दिलीत – खुलासा करा.

ती नोटीस घेऊन मी जिन्यात बसले होते, त्याच वळणावर. तो शेजारच्या पायरीवर येऊन बसला. "एक विचारू? बातमीसाठी नाही."

"विचारा."

"मला... तुमच्याबरोबर रोज चढायचं आहे. हा जिना. पुढचे सगळे. चालेल?"

खिडकीतलं ऊन त्याच्या गुडघ्यावर होतं. ते बघत बसले, कारण वर बघायची हिंमत नव्हती. "आधी लिफ्ट," मी म्हटलं. "लिफ्ट सुरू झाली की उत्तर देईन."

"म्हणजे माझं लग्न साहेबांच्या हातात?"

"काकांचा पाय आहेच की त्यांच्या हातात. तुम्ही काय वेगळे?"

आठ दिवस गेले, साहेब. काल नववा होता.

काल काकांनी बाक सोडला. मी समोर, उलटी चालत. मागे तो, काकांच्या पाठीशी हात धरून. दहा झाली. पंधरा झाली. सगळा तळमजला मोजत होता. अठराव्याला डावा पाय घसटला, काकू ओरडल्या, पण काका सावरले. वीस. एकवीस. दार आलं तशी मी काकांच्या बाजूला सरले. बावीस. काकांनी उजवा हात उचलून तुमच्या दारावर टकटक केली.

तुम्ही आत होतात. दाराच्या फटीखाली तुमचे बूट दिसत होते. काकांनी पुन्हा टकटक केली. आतला पंखा तेवढा बंद झाला.

काका दारालाच म्हणाले, "मी पोचलो, साहेब. तुम्ही कधी निघताय?"

मी बातमीदाराजवळ पुटपुटले, "फोटो काढा ना!"

"हात मोकळा नाही," तो म्हणाला.

बघितलं, तर खरंच नव्हता. एक काकांच्या पाठीला आणि दुसरा माझ्या हातात. धरला कुणी होता? मी. एकविसाव्या पावलापासून, म्हणे. मग सोडलाही नाही.

लिफ्ट सुरू झाल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं मी म्हटलं होतं. माझा शब्द मी मोडला. त्याला उत्तर मिळालं. तुम्ही मात्र तुमचा शब्द पाळायचा, उशिरा का होईना.

हे मी स्वतः लिहिलंय आणि तो स्वतः डेस्कवर उभा राहून छापून आणणार आहे. खालून कापू देणार नाही, म्हणालाय. म्हणून हे अगदी शेवटी ठेवते. काकांच्या सहा महिन्यांतले अडीच उरलेत. उद्या ते पुन्हा बावीस पावलं चालून येतील, आम्ही दोघं बरोबर असू. दार उघडा आणि तारीख सांगा.

लिफ्ट कधी?