एक वीत, एक बोट

दोन वेगळ्या गाड्यांची भोकं कधीच जुळत नाहीत. हे मला नथ्थूबाबानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एका जीपचं मडगार्ड दुसऱ्या जीपला लावायचं तर कानस घ्यायची, भोक घासायचं, वायसर टाकायचा, दोन शिव्या द्यायच्या, मग बसतं. गॅरेजचं अर्धं काम म्हणजे न जुळणारं जुळवणं.

म्हणून मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. सगळं जुळत होतं.

गॅरेज शहाद्यात, प्रकाशा रोडला. नथ्थूबाबाचं. मी मयूरी, शेजारच्या घरातली. दहावीच्या सहामाहीला सर भर वर्गात म्हणाले, तुला जन्मात बीजगणित येणार नाही. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि घरी आले. परत गेले नाही. आई ओरडून ओरडून थकली. मी बाबाच्या गॅरेजात जाऊन बसायला लागले, मग पाना पकडायला लागले, आता इंजिन एकटी उतरवते. गिऱ्हाईक येतं, विचारतं, "मिस्तरी कुठंय?" मी म्हणते, "समोर उभीय. दिसत नाही का?"

खरं तर दिसत नव्हतं ते बाबाला. वय सत्तरच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं, डावा गेला, उजवा पावसाळ्यापर्यंत टिकेल. बाबा दवाखान्यातून आला, बाकड्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "मयूरी, एक जीप बनाडनी शे. जुनी, चपट्या बोनेटनी. आखाजीना आगोदर. डोया शेतस तोपर्यंत."

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, पण आमच्याकडे ती दिवाळीपेक्षा मोठी. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, खातात, हुंदडतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराई म्हणतात.

"कोणासाठी बनवायची?" मी विचारलं.

"तू बनाड."

गॅरेजच्या मागं चिंचेखाली एक जुनी चेसी पडलेली होती. बाबानं ती कधीच भंगारात दिली नव्हती. बाकीचं बन्सीलाल भंगारवाला आणायचा. कुठून कुठून आणायचा. डॅशबोर्ड मालेगावचा, मडगार्ड सेंधव्याचं, स्टेअरिंग धुळ्याचं, डाव्या सीटचा सांगाडा सोनगडचा. भंगार किलोवर मिळतं, म्हणून प्रत्येक तुकड्याचं वजन मी भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. बीजगणित येत नाही, बेरीज येते.

डॅशबोर्ड लावला. सहा भोकं, सहाही समोरासमोर. चला, नशीब. मग मडगार्ड. मग बोनेटचे बिजागर. मी कानस हातात धरून बसायची आणि ती तशीच परत पेटीत जायची. पंचवीस भोकांपर्यंत मी मोजलं. पंचविसाव्याला मला राग आला.

"बन्सीलालकाका, एकच गाडी कापून मला चार गावांच्या नावानं खपवतोस का?"

"मायनी आण, पोरी. चार गावनं भंगार शे हाई. पावत्या दाखाडू का?"

"दाखव."

त्यानं दाखवल्या. चार गावं, चार वेगळी दुकानं.

"नववी नापासले पावती वाचता येस का पन?"

"दहावी. आणि नापास नाही, सोडली."

प्रत्येक तुकडा आला की बाबा त्याच्यावरून हात फिरवायचा, हळू, वासराच्या अंगावरून फिरवतात तसा. मग म्हणायचा, "शे. हाई बी शे." मी म्हणायचे, काय आहे? तो पुढच्या भोकात बोट घालून बघायचा.

डाव्या सीटसमोर डॅशबोर्डला एक लोखंडी दांडा असतो, खड्ड्यात धरायला. त्याचा गंज मी पॉलिशपेपरनं काढला. खाली बारीक आडवे ओरखडे निघाले, एकाच जागी, शेकडो. हत्याराचे नव्हते. मी माझा हात तिथं ठेवून पाहिला, मनगट कुठं येतं ते पाहिलं. बांगड्यांचे होते.

आखाजीला आठ दिवस राहिले तेव्हा गजरामायनं मला सांगितलं. गजरामाय बाबाची बायको. ओट्यावर बसून सांजोरीसाठी रवा चाळत होती. मी सहज विचारलं होतं, बाबा एवढी घाई का करतो.

"रूपासाठे," ती म्हणाली. "मन्ही अंडेर."

मला माहीतच नव्हतं यांना मुलगी होती.

"बावीस वरीस झायात. धानोराले देयेल व्हती. ती आखाजीले जीपनं इंजिन उतारेल व्हतं. यानी निरोप धाडा, जीप झायी का येस, तयार ऱ्हाय. ती पिशवी भरीसन ओट्यावर बठनी. तीन दिन. सासरना मोटरमा धाडतस म्हने तं नही बठनी. बाप येनार शे म्हने."

चाळणीचा आवाज चालू होता.

"मंग ताप उना म्हने. आखाजीना दुसरा दिन गयी."

"आणि जीप?"

"यानी इकी टाकी, किलोवर. एक एक पुर्जा, येगयेगया गावले. पुन्हा जुडाले नको म्हने. चेसी तेवढी कोनी उचली नही."

मी वळून गॅरेजच्या भिंतीकडे पाहिलं. मालेगाव, सेंधवा, धुळे, सोनगड, सगळं माझ्याच अक्षरात.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. पाण्याची मातीची घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट लावतात. मी विचारलं, "रूपाताईची घागर कोण भरतं?"

"लगीन झायेल पोरनी घागर सासरना भरतस. आपला हक नही."

"सासरचे भरतात?"

"जवाईनी दुसरी करी. सगळा सुरतले गयात."

"म्हणजे बावीस वर्षं कोणीच भरली नाही?"

तिनं चाळणी खाली ठेवली. मला वाटतं हे असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. इकडच्यांना वाटायचं तिकडे भरत असतील. मी उठले आणि गॅरेजात जाऊन विनाकारण एक नट इतका आवळला की त्याचे आटे गेले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी जीप तयार झाली. हिरवा रंग, वर ताडपत्री. मी चारही बाजूंनी फिरून मागच्या चाकांवरची जागा मोजली, कारण स्प्रिंगचे पाटे जुने होते आणि जुने पाटे एका बाजूला बसतात. डावीकडे चाक आणि मडगार्डमध्ये एक वीत, एक बोट. उजवीकडेही तेवढंच. मला स्वतःवर खूश व्हायचा हक्क होता.

धानोऱ्याच्या रस्त्यात धरमकाटा लागतो, केळीचे आणि कापसाचे ट्रक तोलायचा. मी जीप वर चढवली. भिंतीवरची माझी बेरीज, पेट्रोल धरून, एक हजार अठ्ठावन्न येत होती. मी आणि बाबा खाली उतरलो. काट्यावरच्या हिलालनं चिठ्ठी दिली. एक हजार साठ.

"काटा पाच-पाच किलोनं सरकस," हिलाल म्हणाला. "त्यामुळे दोन इकडेतिकडे."

चिठ्ठी मी खिशात ठेवली. पूल ओलांडला, खाली तापी बारीक झालेली होती, प्रकाशाच्या घाटावर कोणाचं तरी मुंडण चाललं होतं. बाबा डावीकडे बसला होता. उजवा डोळा बारीक करून सगळं बघत होता, परत बघायला मिळणार नसल्यासारखं. वाटेत त्यानं एकदाही दांडा धरला नाही.

धानोऱ्यात रूपाताईच्या सासरचं घर बंद होतं. कुलपाला गंज, ओट्यावर वाळलेली पानं. ओट्याच्या एका कोपऱ्यात मात्र पानं नव्हती. एक माणूस आणि एक पिशवी बसेल एवढी जागा स्वच्छ होती. वाऱ्याचं असं होतं कधी कधी, भिंतीला आपटून फिरतो.

बाबा ओट्यासमोर उभा राहिला. टोपी नीट केली.

"चाल बेटा," तो म्हणाला. "जीप झायी."

मग थांबला. पिशवी उचलून तीन पायऱ्या उतरायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढाच. जीपकडे आला आणि मागं चढून बसला.

"मागं का बसला, बाबा? पुढं ये ना."

"पुढे कथी जागा शे?"

जीप सुरू केली. नंदुरबारपर्यंत मी डावीकडे बघितलं नाही. खड्ड्यात गाडी आदळली की दांड्याजवळ किणकिण व्हायची. तिथं एक स्क्रू ढिला असेल. मी तो स्वतः आवळला होता.

प्रकाशाच्या पुढं उसाच्या रसाच्या गाडीजवळ थांबलो. मी खाली उतरले, बाबालाही उतरवलं आणि सवयीनं मागच्या चाकांवर हात लावला. उजवीकडे एक वीत, एक बोट.

डावीकडे फक्त वीत.

पाटा सरकला असेल. मी खाली वाकून बघितलं. पाटा जागेवर होता, यू-बोल्ट घट्ट होते.

म्हणून मी परत काट्यावर चढवली. आम्ही दोघं उतरलो. हिलालनं काचेतून बघितलं, चिठ्ठी काढली आणि म्हणाला, "ताई, काय भरी लयनी?"

"हवा."

एक हजार एकशे पाच. पेट्रोल जाळून वजन कमी व्हायला पाहिजे होतं. काट्याची चूक धरली तरी पाच किलो. पंचेचाळीस नाही.

"कितलं?" बाबानं विचारलं.

"पंचेचाळीस जास्त."

त्यानं चिठ्ठी हातात घेऊन चाचपली. मग म्हणाला, "लगीनमा पंचावन व्हती. कापूसना काटावर बठाडी व्हती मी तिले. हासत व्हती." त्यानं डोळा पुसला. "खावाले नही दिनं त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी आखाजी. गजरामायनं उंबऱ्यावर बोटं लावली. सासरा, सासू, दीर, धाकटी जाऊ, एकेकाचं नाव मोठ्यानं घेत. मी शेजारी उभी होते. ती थांबली तेव्हा मी म्हटलं, "रूपाताईचं राहिलं. या वर्षी तरी लाव."

तिनं कुंकवाची वाटी झाकली.

"घर येल पोरनी घागर भरतस का कोनी?"

मग तिनं ताट वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोरी. जीपच्या डाव्या सीटवर नेऊन ठेवलं. दुपारी ताट रिकामं होतं. आमच्या गल्लीत चार मांजरी आहेत, मी चौघींना ओळखते. मांजर वाटी चाटतं. पण आंब्याची कोय ताटाच्या कडेला नीट काढून ठेवत नाही.

त्या दिवसापासून रोज ताट. गजरामाय पाटावर बसल्यासारखी जीपच्या पायरीवर बसायची आणि बोलायची. भाव, लग्नं, कोणाची सून कशी निघाली. हसायचीसुद्धा. गॅरेजात आल्यापासून दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणून मी कोणाला काही विचारू दिलं नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं, म्हातारी कोणाशी बोलते? मी त्याचा प्लग अर्धा लावलेला ठेवला आणि म्हटलं, दुसऱ्या गॅरेजात जा.

पंधरा दिवसांनी बाबाचा उजवा डोळा गेला. त्यानं फार काही केलं नाही. बाकड्यावर बसला आणि मला जवळ बोलावलं.

"पोर लावी देवानी ऱ्हास, मयूरी. आखाजी सरनी. मुराई लई येस, मुराईच लई जास. माले दिसत नही. आते तू मुराई."

"म्हणजे परत धानोऱ्याला पोचवायची. आणि गजरामाय?"

"ती नही म्हनई. तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. मी दुपारी एकटीच जीप घेऊन गेले, हवा तपासायला, टाकी आधी होती तेवढीच भरायला. असं मी घरी सांगितलं. टाकी भरली आणि काट्यावर चढवली. ऊन इतकं होतं की काट्याचं लोखंड बुटातून भाजत होतं. मी उतरून लांब जाऊन उभी राहिले.

हिलालनं या वेळी काही विचारलं नाही. चिठ्ठी खिडकीतून सरकवली.

एक हजार एकशे पंधरा.

परत आले तेव्हा गजरामाय गॅरेजच्या दारात उभी होती. तिला कोणी सांगितलं माहीत नाही. हात पुढं केलेला.

"कितलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. सरांशी बोलले असते, बन्सीलालशी बोलले असते.

"पंचावन्न," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्या हातातली चावी घेतली, पदराच्या टोकात ठेवली, गाठ मारली, पुन्हा एक गाठ मारली. आतून बाबानं विचारलं, "गजरा?"

ती जीपच्या डाव्या बाजूला गेली.

"चाल," ती म्हणाली. "घरमा चाल आते. कितला दिन गाडीमा बठशी?"

डाव्या पाट्याचा आवाज आला. माणूस उतरताना येतो तसा, लहान, दोन टप्प्यांत.

गजरामाय घरात गेली. दार तिनं उघडं धरलं, थोडं थांबली, मग लावून घेतलं.

मी खाली बसले. डाव्या चाकावर हात ठेवला.

एक वीत, एक बोट.